हे इकडून असं

मे महिना, दुपारचे दोन. हेमराज उईकेचा फोन :
"ताई, तुमचा व्हिडिओ उघडला.
मोबाइल म्हन्ते बटण. पुढं सरकलो, बटण.
अजून पुढं, बटण.
सात बटणं, एकाचंबी नाव नाही.
अशी वरात पाह्यली का कुठं,
सातही नवरदेव?"

मी हसले.
मग हसू घशातच राहिलं.
ती सातही मीच रंगवली होती,
कोपरे गोल, सावली मऊ.
नावं द्यायची राहून गेली, कारण
कुणी विचारलीच नव्हती.

परसोडीच्या आयटी पार्कात, काचेआड, एसीत बसून
आम्ही कूलर दुरुस्तीचे धडे विकतो.
हेमराज महालात राहतो. त्याला दिसत नाही.
स्क्रू हातात घेतला की आटे मोजून सांगतो
कुठल्या मोटरचा.
त्याला उन्हाळा संपायच्या आत वाइंडिंग शिकायची होती.

"अन् तुमच्या त्या प्लेअरात शिरलो
की बाहेर निंघताच येत नाही.
टॅब दाबतो, टॅब दाबतो, तिथंच फिरून राह्यलो,
शनवारी बर्डीत फोरव्हीलर घातल्यावानी.
कसाबसा चालू केला, तं तुमचा मास्तर म्हन्ते :
ही तार इकडून अशी घ्यायची,
हे असं, इथं, अन् झालं.
काय झालं, ताई?"

मिटिंगमध्ये विचारलं गेलं, असे लोक असतील किती?
पडद्यावर एक गोल होता, त्यात
नखाएवढी पातळ फाक.
मी वहीत फाकेचं चित्र काढत बसले,
बोलले काहीच नाही.

घरी येऊन माउस कणकेच्या डब्यामागे ठेवला.
गाडीवर तोंडाला बांधते तो दुपट्टा
डोळ्यांवर बांधला
आणि माझ्याच प्लेअरात शिरले.
बटण, म्हणाला तो मला. बटण.
अर्ध्या तासाने दुपट्टा घामाने ओला,
मी अजून आतच.

मग चार रात्री :
चालू करा. थांबवा. दहा सेकंद मागे.
आवाज. सबटायटल. वेग. बाहेर पडा.
बारशाला आत्या नव्हती, मीच कानात सांगत गेले.
मास्तरच्या प्रत्येक 'इकडून'ला जागा दिली :
लाल तार, डावीकडून दुसरं टर्मिनल,
बोटाने चाचपलं तर तिथे खाच लागते.

सबटायटल मशीनने आधीच लिहून ठेवले होते.
ते दाखवले अनसूया मेश्रामला,
आमच्या गल्लीत कूलरच्या ताट्या भरते,
जन्मापासून ऐकू येत नाही.
तिने एका ओळीवर बोट ठेवलं आणि खांदे उडवले.
मास्तर बोलला होता, बेअरिंग गेलं की.
मशीनने लिहिलं होतं, बेरंग गेला की.

सगळे पुन्हा लिहिले मी, हाताने.
जिथे मास्तर गप्प आणि नुसता कूलर चालतो,
तिथे लिहिलं : कूलरची घरघर.
अनसूयाने वाचलं. मान हलवली, नाही.
माझा पंजा धरून
तिच्या दारातल्या कूलरच्या पत्र्यावर दाबला,
मग त्याच तळव्यावर बोटाने वाजवून दाखवलं,
इथला नाही, तुझ्या व्हिडिओतला :
पातं फिरतं, फिरतं, आणि तिसऱ्याला हे, असं.
तिने ते पात्याच्या थरथरीत
डोळ्यांनी पकडलं होतं.

ती ओळ बदलली :
घरघर, आणि दर तिसऱ्या फेऱ्याला एक ठेच.

रविवारी हेमराजचा फोन.
सबटायटलही तो वाचवूनच घेतो आता, मोबाइलकडून.
"ठेच? मले तं नाही ऐकू आली. कोनाले आली?"
मी नाव सांगितलं.
तो जरा वेळ गप्प.
मागे कुठेतरी पाण्याचा टँकर हॉर्न देत होता.
"थांबा," म्हणाला, "पुन्हा लावून पाह्यतो,"
आणि फोनातून मला ऐकू आलं :
दहा सेकंद मागे, बटण.